साहेब म्हणतात, ‘येत जा’

(धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात देत आहोत.)

मी 24 वर्षांची आहे, बी.कॉम. झालंय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पंचायत समितीत लागले. आधी सहा महिने, मग मुदतवाढ मिळाली ते पाच, असे 11 महिने घरकुलाच्या टेबलावर काम केलं. मुदत संपून चार महिने झाले तरी मी रोज जाते. साहेब म्हणाले, “तुझं काम चांगलं आहे, येत जा. पुढचा जीआर निघाला की तुझं नाव आधी.” पैसे काहीच मिळत नाहीत. शेवटच्या दोन महिन्यांचं विद्यावेतनही यायचं बाकी आहे. कामाची अडचण नाही, ऑपरेटर दादांचा पासवर्डसुद्धा मला पाठ आहे. आता लातूरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात 7 हजारांची जागा आहे आणि आत्याकडे राहायची सोय होईल. पप्पा म्हणतात, सात हजारांसाठी परगावी कशाला, पंचायत समितीतलं नाव राहू दे. स्थळं त्यावरच येतायत. माझ्याबरोबरच्या मुली ‘कायम करा’ म्हणून आंदोलनाला जातात, मलाही बोलावतात. आता सोडलं तर 11 महिने आणि वरचे चार, सगळंच पाण्यात गेलं असं वाटेल. काय करू?

*

तुला ‘तू’च म्हणते. पासवर्डचं तू जाता जाता लिहून गेलीस, तरी मला आधी त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण बाकीचं सगळं आठ दिवस उशिरा ठरलं तरी काही बिघडणार नाही.

घरकुलाच्या टेबलावर काय चालतं हे तुला मी सांगायला नको. सपाट भागातल्या लाभार्थ्याला केंद्राच्या योजनेतून मिळतात 1 लाख 20 हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. जोत्याचा फोटो अपलोड झाला की पुढचा हप्ता, भिंती वर आल्या की त्याच्या पुढचा. खाते क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एखाद्या बाईचे पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात पडतात आणि तिची भिंत पावसाळाभर तशीच उघडी राहते. अशी चूक कुणाच्याही हातून होते. मुदतीत असताना ती तुझ्या हातून झाली असती तर तुझ्याकडे रुजू झाल्याचा आदेश होता, हजेरीपत्रक होतं, कुणीतरी वरिष्ठ जबाबदार होता. आज यातलं काही नाही. आज तू त्या कार्यालयात कागदोपत्री नाहीसच. चौकशी लागली तर लॉगिन ऑपरेटर दादांचं निघेल, दादा म्हणतील “ती मुलगी भरत होती”, आणि साहेब म्हणतील “कोण मुलगी?” ते वाईट आहेत म्हणून नव्हे. स्वतःच्या नोकरीवर बेतलं की माणूस असंच बोलतो.

तेव्हा लातूरला जा वा जाऊ नकोस, त्या लॉगिनला उद्यापासून हात लावू नकोस. दादांना सरळ सांग, पासवर्ड बदलून घ्या.

आता साहेबांच्या शब्दाकडे येऊ. ते तुला फसवतायत असं मला वाटत नाही. कार्यालयात जागा रिकाम्या आहेत, एका माणसाकडे दोन-तीन टेबलं आहेत, वर्षभरात तू काम उचललंस आणि आता तू नसलीस तर घरकुलाच्या फायली तुंबतील. त्यांना तू हवी आहेस हे अगदी खरं. पण तू हवी असणं वेगळं आणि तुला ठेवून घेणं त्यांच्या हातात असणं वेगळं. गट क ची पदं जिल्हा परिषद सरळसेवेनं भरते, जाहिरात आणि परीक्षा घेऊन. त्यात तालुक्याच्या साहेबांची शिफारस चालत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर तुझ्याआधी त्यांच्या भाच्याचा नंबर लागला असता. शिवाय साहेबांची बदली होते. नव्या साहेबांना तुझं नावही ठाऊक नसेल.

योजनेचं म्हणशील, तर 9 जुलै 2024 चा शासन निर्णय एकदा स्वतः वाच. बारावीला 6 हजार, आयटीआय किंवा पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार हे तुला पाठ असेल. पण त्या कागदाचा सूर पाहा: हे प्रशिक्षण आहे, भरती नव्हे. प्रमाणपत्र देऊ म्हटलंय, पद देऊ म्हटलेलं नाही. ‘लाडका भाऊ’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि त्याबरोबर समजही पसरला की एकदा आत शिरलो की आतच. त्या समजाला खतपाणी घालणारे थोडे नव्हते.

कायद्याचंही सांगून ठेवते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2006 साली उमादेवी प्रकरणात म्हटलं की तात्पुरत्या किंवा कंत्राटी पद्धतीनं घेतलेला माणूस केवळ काम करत राहिला म्हणून त्याला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सरकारी नोकरीत शिरायचं ते रीतसर निवडीतूनच. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात याच न्यायालयानं सरकारी खात्यांना बजावलं की उमादेवीच्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षं राबवलेल्या माणसांना वाऱ्यावर सोडू नका. पण ती माणसं केंद्रीय जल आयोगात दहा-दहा, वीस-वीस वर्षं झाडलोट आणि बागकाम करत होती. तुझे 15 महिने, त्यातले चार तर बिनकागदाचे, त्या रांगेत बसत नाहीत. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 1995 चा उत्तर प्रदेश परिवहनचा निकाल फिरत असेल, तर तो शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या प्रशिक्षितांचा आहे आणि तिथंही भरतीत प्राधान्य मिळालं ते ‘बाकी सगळं समान असेल तर’. आपोआप नोकरी त्यांनाही मिळालेली नाही.

मग आंदोलनाला जाऊच नको का? तसं मी म्हणणार नाही. राज्यानं पदं रिकामी ठेवायची, त्या खुर्च्यांवर विद्यावेतनावरची मुलं बसवून काम भागवायचं आणि मुदत संपली की नमस्कार म्हणायचं, यात अन्याय आहे आणि तो मोठ्यानं बोलून दाखवायलाच हवा. सरकारची धोरणं आंदोलनांनी बदललेली आहेत, मुदतवाढही मिळाली होतीच. एखाद्या दिवशी मोर्चाला जरूर जा. मागणी मान्य झाली तर तिचा फायदा 11 महिने पूर्ण केलेल्या सगळ्यांना होईल, तू तेव्हा पंचायत समितीत असलीस काय, लातूरला असलीस काय. ही गोष्ट मैत्रिणींनाही सांग. हक्क सिद्ध करायला तुझा 11 महिन्यांचा कागद लागेल. त्यानंतरच्या फुकट चार महिन्यांचा पुरावा मागितला तर तू काय दाखवशील?

‘पाण्यात गेलं’ म्हणतेस, ते मला पटत नाही. त्या 11 महिन्यांचं मोल तू सरकारी खुर्चीत ठरवते आहेस: कायम झाले तर कमावलं, नाही झाले तर गमावलं. प्रत्यक्षात तू काय केलंस ते बघ. लाभार्थ्यांची बँक खाती आधारशी जुळतात का ते तपासलंस. रद्द झालेल्या व्यवहारांची यादी काढून ग्रामसेवकांकडून दुरुस्त्या करून घेतल्यास. आवक-जावक सांभाळलंस. मला वाटतं, चिडलेल्या माणसाला खिडकीतून “तुमचा हप्ता अडलाय कारण फोटो जोत्याचा नाही, खड्ड्याचा आहे” असं शांतपणे सांगायलाही शिकली असशील. कर सल्लागाराच्या ऑफिसात असंच काम असतं: आकडे जुळवायचे, कागद मागवायचे, तारीख पाळायची, गिऱ्हाईक सांभाळायचं. त्यांनी तुला बोलावलं असेल ते याच जोरावर.

हे सगळं तुझ्या प्रमाणपत्रात कुठं आहे, ते पाहा. योजनेचं छापील प्रमाणपत्र सगळ्यांचं सारखंच असतं. त्याशिवाय साहेबांकडून एक अनुभवपत्र माग. त्यात विभाग कोणता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, नेमकं काय काम केलं, आणि खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. मसुदा तूच टाइप करून ने. साहेबांना वेळ नसतो, समोर कागद ठेवला की सही होते. तारखा फक्त 11 महिन्यांच्याच घाल, पुढचे चार त्यात घुसडायला सांगू नकोस, त्यात त्यांची आणि तुझी दोघांची अडचण होईल. आणि एक गोष्ट कटाक्षानं: कामाचा नमुना म्हणून लाभार्थ्यांच्या याद्या किंवा आधार नंबर असलेले कागद मोबाइलमध्ये नेऊ नकोस. आधीच असतील तर पुसून टाक.

आता लातूर. खासगी ऑफिस म्हणजे सोन्याची खाण नाही. अशा कितीतरी ऑफिसांत नव्या मुलीला वर्षभर झेरॉक्स, बँकेचा भरणा आणि चहाची ऑर्डर एवढंच मिळतं, आणि वर “शिकतेयस ना?” म्हणून ऐकवतात. म्हणून होकार द्यायच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारून घे. टॅलीमध्ये नोंदी मी करणार का? जीएसटीची दर महिन्याची विवरणं, 11 तारखेची आणि 20 तारखेची, ती कोण भरतं आणि मला कधी भरायला मिळतील? पगार बँकेत जमा होईल की हातात? तीन महिन्यांनी काय वाढेल? जो मालक या प्रश्नांवर चिडतो त्याच्याकडे जाऊ नकोस. आणि जो म्हणतो, “पहिले दोन महिने नोंदी, मग विवरणं, जुलैत रिटर्नची गर्दी असते तेव्हा रात्री आठ वाजतील, चालेल का?” तो माणूस बरा. निदान त्याच्याकडे तुझ्यासाठी काम तरी आहे.

7 हजार हे आधीच्या 10 हजार विद्यावेतनापेक्षा कमी आहेत, तेव्हा पप्पांचं म्हणणं बरोबर. पण ते दहा हजार संपले. आज तुलना 7 हजारांची शून्याशी आहे. उलट जाण्यायेण्याचं भाडं आणि डबा धरला तर पंचायत समितीत जायला तूच पैसे मोजते आहेस.

लातूरखेरीज आणखी एक वाट आहे, ती तुझ्यासारख्या बऱ्याच मुलामुलींना माहीत नसते. शिकाऊ उमेदवारी म्हटलं की आयटीआयची मुलं आणि एसटीची कार्यशाळा डोळ्यांसमोर येते. पण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेतून बी.कॉम., बी.ए. झालेल्यांनाही घेतात आणि राष्ट्रीयीकृत बँका पदवीधरांच्या एक वर्षाच्या जागा अधूनमधून काढतात. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना कायद्यानं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9 हजार ठरवले होते. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, म्हणजे तुझं नाव कुठंतरी खरंच असतं. यातही नोकरीची हमी नाही, कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा कामगारच नसतो. तरी वर्षाच्या शेवटी हातात येणारा अनुभव बाजारात चालतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही आहे, 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा ती 21 ते 24 वयासाठी होती, मोठ्या कंपन्यांत 12 महिने, महिना 5 हजार. तुझं वय काठावर आहे आणि आधी कुठल्या योजनेत होतो यावर अटी आहेत, त्या वाचूनच अर्ज कर. माझ्या मते तुला बँकेची जागा जास्त मानवेल.

पप्पांशी काय बोलायचं, हा यातला अवघड भाग. ते चुकीचं वागतायत असं समजून बोलू नकोस. त्यांनी चारचौघांत “आमची पंचायत समितीत आहे” म्हणून सांगितलंय, त्या एका वाक्यानं घराचा मान वाढलाय, आणि मुलगी लातूरला सात हजारांवर गेली म्हटलं की लोक काय म्हणतील ही धास्ती खरी आहे. पण त्यांना हेही विचार: स्थळ आलं, पाहुण्यांनी विचारलं “मुलगी कायम आहे का, पगार किती?”, तर काय सांगायचं? ‘पंचायत समितीत आहे’ या वाक्यावर लग्न ठरलं आणि दोन महिन्यांनी खरं कळलं, तर निस्तरायचं तुलाच. हे ऐकायला कडू लागेल, म्हणून रागात म्हणू नकोस. आत्या समोर असताना म्हण, तिची मदत होईल. सरकारी नोकरीचं स्वप्न सोडते आहे असंही त्यांना वाटू देऊ नकोस, कारण ते सोडायचं कारणच नाही. खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 पर्यंत वय आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांच्या वेगाचं टंकलेखन लागतं, ते प्रमाणपत्र तुझ्याकडे आहे का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर लातूरला संध्याकाळी क्लास लाव. घरकुलाच्या टेबलावर फुकट बसण्यापेक्षा तो एक तास तुला त्या खुर्चीच्या जास्त जवळ नेईल.

हे वाचणाऱ्या आणि अजून प्रशिक्षणाच्या मुदतीत असलेल्यांनाही दोन शब्द. आपल्याकडे ‘लागलो’ म्हटलं की माणूस हुश्श करतो आणि नेमून दिलेल्या कोपऱ्यात बसून मुदत काढतो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशीच्या रोजगार योजनांचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, त्यात सरकारी कामावर तात्पुरतं लावण्याच्या योजनांचा पुढं नोकरी मिळण्यावर परिणाम जवळपास नाहीच असं निघालं. कौशल्य शिकवणाऱ्या योजनांचा फायदा दिसला, तोही दोन-तीन वर्षांनी. ते देश वेगळे, त्यांची कार्यालयं वेगळी, हे मान्य. पण शाळेत हजेरीपट लिहायला बसवलेला मुलगा किंवा ग्रामपंचायतीत दाखल्यांवर शिक्के मारणारी मुलगी आपल्या आसपास पाहिली की कारण कळायला वेळ लागत नाही. तेव्हा पहिल्याच महिन्यात साहेबांकडे एक स्वतंत्र काम मागा, लहान का असेना, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं. रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा, आज काय केलं. सहा महिन्यांनी मुलाखतीत “काय काम करत होता?” या प्रश्नाला “ऑफिसचं सगळं” असं उत्तर देणारे इतके असतात की वहीतलं एक वाक्य वाचून दाखवणारा लगेच लक्षात राहतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी पुढच्या जागेचे अर्ज सुरू करा. मुदत संपल्यावर करू म्हणणारे पुढं तीन महिने मुदतवाढीच्या बातम्या वाचत बसतात.

राहिलं तुझं दोन महिन्यांचं विद्यावेतन. तुझं पाऊल त्यात अडकलंय अशी मला शंका आहे: सोडून गेले तर साहेब बिल पुढं पाठवणार नाहीत. तसं असेल तर भीती उलटी आहे. तू रोज येतेस तोवर कुणाला घाई नाही. ते पैसे केलेल्या कामाचे आहेत, पुढच्या कामावर अवलंबून नाहीत. आधी बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलेलं आहे ना, ते बघ. पैसे अडकण्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. मग त्या दोन महिन्यांच्या हजेरीच्या तारखा लिहून एक अर्ज पंचायत समितीला दे आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला. पंधरा-वीस दिवसांत हालचाल नाही झाली तर ‘आपले सरकार’वर तक्रार टाक. यात साहेबांचा अपमान नाही, त्यांनाही वर पाठवायला कागद मिळतो.

साहेबांना भेटायला सोमवारी जा, गर्दी व्हायच्या आत. अनुभवपत्राचा मसुदा आणि विद्यावेतनाचा अर्ज, दोन्ही बरोबर ने. म्हण, “साहेब, तुमच्याकडे खूप शिकले. लातूरला काम मिळतंय, जाते. भरती निघाली की अर्ज करेनच.” ते म्हणतील, “थोडं थांब, पुढच्या महिन्यात काहीतरी होईल.” तेव्हा हसून विचार, “तसा लेखी आदेश द्याल का साहेब?” दिला, तर आपण पुन्हा बसून विचार करू, मला कळव. नाही दिला तर अनुभवपत्रावर सही घे आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस, तारखेच्या शिक्क्यासकट.